उसनं खोरं

चांदरहून आली होती. वाळपईची शेवटची कदंब बस
तिला चढावाच्या पायथ्याशी सोडून वळली,
आणि कुत्र्यांनी आमच्या वतीने
काय विचारायचं ते विचारून घेतलं.

नाव सिस्टर एस्कोलास्तिका. पोरांच्या जिभेला पेललं नाही,
इस्कोलबाय झाली.
शाळेचा मास्तर मी, आणि शाळेचं नाव तिला.

खरं सांगतो, पहिली दोन वर्षं
मी तिच्या कापडी पिशवीवर नजर ठेवून होतो.
आमच्याकडची आठवण लांबची.
देव एकदा रात्री घोंगडीत गुंडाळून
होडीतून नदीपार आणावे लागले,
हे अजून काल झाल्यासारखं सांगतात.
तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच असेल,
ओटा कुणाचाही असो, चढण्याआधी विचारायची,
"बसूं?"

पंप तिनेच आणला. परदेशातल्या कुठल्याशा गावाने
रविवारच्या थाळीत जमवलेले पैसे,
निळा पंप, आणि त्याहून मोठा पत्र्याचा फलक
'यांच्या औदार्याने'.
नारळ कोणी फोडायचा यावर कुजबुज झाली.
शेवटी द्रौपदी माजिकने फोडला,
नारळ तिचा होता.

दुसऱ्या शिमग्याला पंप बसला.
बेअरिंग म्हापशातही मिळेना.
डिझेलचे पैसे कोणी खाल्ले यावरून
दोन घरं आजही बोलत नाहीत.
"ही भेग मी आणली," ती चारचौघांत म्हणाली,
त्या सासष्टीच्या कोकणीत, जिला आम्ही हसायचो.
त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या पंपासाठी पत्र तिने लिहिलं नाही.
द्रौपदीच्या दारात जाऊन विचारलं,
"पंपाआधी पाणी कुठलं प्यायचात?"
हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
आम्हीही.

जांभळीखालची झर. गाळ, पाचोळा,
ढासळलेले चिरे, एक म्हातारा खेकडा.
खोरं द्रौपदीकडून उसनं घेतलं.
चिरा कसा बसवायचा ते पांडू झोरेने दाखवलं,
तीनदा उपसून पुन्हा बसवायला लावला.
सिमेंट नको म्हणाला, झरीला श्वास लागतो.
ती म्हणाली, "हां."
त्या वर्षी तिचं बरंचसं बोलणं "हां" एवढंच होतं.

फलकाचे स्क्रू तिनेच काढले.
पानं पडू नयेत म्हणून झरीवर झाकण टाकलं,
अक्षरं खाली.

एकदा द्रौपदीने माझ्यादेखत विचारलं,
"पहाटे भिंतीकडे तोंड करून काय सांगतेस त्याला?"
"नावं. तुमची."
"आणि मागतेस काय?"
हातातली शेंग सोलून होईस्तोवर बोलली नाही.
"तुम्हांला माझी गरज पडू नये."
द्रौपदी म्हणाली, "इतक्यात मागू नकोस."

मठातून तक्ता यायचा. त्यात एक रकाना,
लाभार्थी संख्या.
मला विचारायला आली, लाभार्थी म्हणजे नेमकं कोण?
ज्याला मिळालं तो, मी म्हणालो, मास्तरकीने.
तिने लिहिलं, एक.
तक्ता परत आला. पुन्हा एकच लिहिलं.

काजूच्या दिवसांत गेली, भट्ट्या पेटलेल्या,
निम्मा गाव डोंगरावर.
हार नाही, भाषण नाही. मी भाषण लिहिलं होतं,
ते अजून कपाटात आहे.

पिशवीतून शेवटपर्यंत पुस्तक निघालं नाही.
कधी कधी वाटतं, एकदा मागून बघायला हवं होतं.

झर आता माघात साफ होते.
बोलावणं नसतं, जावं लागतं.
यंदा द्रौपदीचा नातू आला, कंटाळलेला,
खिशात मोबाईल वाजतोय.
खोरं तेच. दांडा मात्र इस्कोलबायने मोडला होता,
म्हणून बदलीचा तिनेच तासला,
आकेशियाचा, थोडा वाकडा.
डावखुरी होती ती.
आम्हा उजव्यांना अजून
तळहाताला लागतो.